डचेसची डायरी आणि आपली कौटुंबिक न्यायालये

८ मे १९६३ रोजी एडिंबरा येथील न्यायालयात लॉर्ड व्हीटली या न्यायाधीशांनी आर्गाइलच्या अकराव्या ड्यूकला, म्हणजे स्कॉटलंडमधील एका बड्या सरदाराला, त्याच्या तिसऱ्या पत्नीपासून घटस्फोट मंजूर केला. घटस्फोट देण्यापुरता आदेश चार ओळींतही लिहिता येतो. हे निकालपत्र मात्र वाचून दाखवायला काही तास लागले. मार्गारेट या डचेसच्या खासगी आयुष्याविषयी, तिच्या डायरीविषयी आणि तिच्या घरातून ड्यूकने हस्तगत केलेल्या पोलरॉइड छायाचित्रांविषयी त्यात जे लिहिले गेले, ते देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी उचलले. ही स्त्री पूर्णपणे स्वैराचारी आहे, अशा अर्थाचे न्यायाधीशांचे शब्द तिच्या नावाला चिकटले, ते १९९३ साली ती वारली तेव्हाच्या मृत्युलेखांपर्यंत सुटले नाहीत. पुढे दोनच वर्षांनी तिच्यावर ऑपेरा आला, २०२१ साली बीबीसीने मालिका काढली, आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी तिचे तेच खासगी आयुष्य होते.

नागपुरात बसून साठ वर्षांपूर्वीच्या या खटल्याची आठवण काढण्याचे कारण ताजे आहे. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की पतीने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल करून घेता येते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ साली याच प्रकरणात उलट मत दिले होते. ते रद्द झाले. कलमांची भाषा पाहता सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्ष समजण्यासारखा आहे आणि तो बदलावा असे मी म्हणत नाही. माझा आग्रह त्यापुढच्या गोष्टींविषयी आहे. ग्राह्य ठरलेला असा पुरावा कोणी पाहायचा, किती पाहायचा, निकालपत्रात त्यातले काय उतरवायचे आणि खटला संपल्यावर त्या ध्वनिफिती, ती छायाचित्रे, त्या डायऱ्या कोठे जायच्या, याचे पक्के नियम असले पाहिजेत. लग्न मोडले म्हणून त्या लग्नात विश्वासाने सांगितलेले, लिहिलेले किंवा दाखवलेले सारे एकाच्या मालकीचे होत नाही. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की हे तत्त्व न्यायालयात मान्य करून घेणारी स्त्री मार्गारेटच होती, आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांना तेवढीच एक गोष्ट सांगावीशी वाटत नाही.

मार्गारेट व्हिगम १९१२ साली स्कॉटलंडमध्ये जन्मली. तिचे वडील जॉर्ज व्हिगम हे कृत्रिम रेशीम तयार करणाऱ्या सेलानीज कंपनीचे प्रमुख होते. घराण्याचा वारसा नसताना स्वतःच्या कर्तबगारीवर ते श्रीमंत झाले होते. मुलीचे बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले, ती लहानपणापासून अडखळत बोलत असे, आणि लंडनला परतल्यावर १९३० साली तिला तिथल्या उच्चभ्रू समाजात रीतसर दाखल करण्यात आले. त्या काळी तिथे वयात आलेल्या मुलीला राजदरबारी मुजऱ्यासाठी नेत, मग महिनोन्महिने नाच, मेजवान्या आणि घोड्यांच्या शर्यती चालत, आणि या सगळ्याचा हेतू आपल्याकडच्या कांदेपोह्यांहून फारसा वेगळा नसे. मार्गारेट त्या वर्षीची सर्वांत गाजलेली मुलगी ठरली. १९३३ साली चार्ल्स स्वीनी या अमेरिकन गोल्फपटूशी तिचे लग्न झाले, तेव्हा बघ्यांच्या गर्दीने लंडनच्या नाइट्सब्रिज भागातील वाहतूक थांबली. नॉर्मन हार्टनेल यांनी तयार केलेला तिचा लग्नाचा झगा आज व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. या लग्नात तिने अनेक गर्भपात सोसले, एक मूल मृत जन्मले आणि दोन मुले वाढली. १९४३ साली ती लिफ्टच्या मोकळ्या बोगद्यात खोल कोसळली आणि मरता मरता वाचली. १९४७ साली घटस्फोट झाला. १९५१ साली तिने आर्गाइलच्या ड्यूकशी, इयान कॅम्पबेलशी, लग्न केले आणि एका उद्योगपतीची मुलगी स्कॉटलंडच्या अत्यंत जुन्या सरदार घराण्यात डचेस म्हणून गेली.

या दुसऱ्या लग्नाचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय पुढचा खटला कळत नाही. ड्यूकला १९४९ साली पदवी मिळाली, तिच्यासोबत इन्व्हररेचा मोडकळीस आलेला वाडा आणि वारसाकराचे ओझेही मिळाले. वाड्याच्या दुरुस्तीला व्हिगम घराण्याचा पैसा लागला. युरोपातील सरदारांनी उद्योगपतींच्या मुलींशी केलेल्या लग्नांचा हा ठरलेला हिशोब होता. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचे मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न झाले, तेव्हा तिच्याबरोबर २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स गेले आणि ब्लेनिमच्या प्रासादाची डागडुजी झाली. १९२६ साली तो विवाह धर्मपीठापुढे रद्दबातल ठरवून घेताना तिच्या आईनेच आपण मुलीवर सक्ती केली होती अशी साक्ष दिली. मुलीबरोबर आलेल्या पैशाने सासरचे घर उभे राहते, आणि तिचे त्या घराशी बिनसले की घर राहते, पदवी राहते, ती मात्र बाहेर पडते. हुंड्याचा कायदा १९६१ सालीच झालेल्या देशातल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पतिपत्नीत बेबनाव झाल्यावर ड्यूकने मार्गारेट घरी नसताना लंडनमधील तिच्या घरातले कपाट कुलूपवाल्याकडून उघडवले आणि डायऱ्या व छायाचित्रे ताब्यात घेतली. त्या छायाचित्रांपैकी काहींत मार्गारेट होती आणि गळ्यातल्या मोत्यांच्या सरांवरून ती ओळखू येत होती. सोबतच्या पुरुषाचे डोके मात्र चौकटीबाहेर राहिले होते. न्यायालयाने तो कोण हे न ठरवताच निकाल दिला. त्याच वर्षी ब्रिटिश युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांच्या विवाहबाह्य संबंधांवरून उठलेल्या प्रकरणाच्या चौकशीत न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी हा पुरुष मंत्रिमंडळातील कोणी आहे काय हेही तपासले आणि त्यासाठी छायाचित्रांवरील हस्ताक्षरांची तुलना केली, तरी नाव अधिकृतपणे कधी जाहीर झाले नाही. मार्गारेटने ते आयुष्याच्या शेवटपर्यंत उच्चारले नाही. ज्या कृत्यात दोन माणसे होती त्यातल्या एकीचे सर्वस्व वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेले आणि दुसऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी शासनयंत्रणा पुरेशी काळजी घेत राहिली, ही गोष्ट मला त्या छायाचित्रांतील कोणत्याही तपशिलापेक्षा अधिक अश्लील वाटते.

आणखी एक बाब कायद्याच्या अभ्यासकांखेरीज फारशी कोणी लक्षात घेत नाही. घटस्फोटाच्या खटल्यांतील साक्षीपुरावे वर्तमानपत्रांनी रसभरीत वर्णनांसह छापू नयेत म्हणून ब्रिटिश संसदेने १९२६ सालीच कायदा केला होता. पक्षकारांची नावे, आरोपांचा थोडक्यात गोषवारा, कायद्याचे मुद्दे आणि न्यायाधीशांचा निकाल, एवढेच छापण्याची त्यात मुभा होती. म्हणजे साक्षीदाराच्या तोंडून आलेले छापता येत नव्हते, पण न्यायाधीशाच्या लेखणीतून उतरलेले छापता येत होते. त्यामुळे निकालपत्र जितके लांब आणि जितके तपशीलवार, तितका तो कायदा निष्प्रभ. लॉर्ड व्हीटली यांनी व्यभिचार सिद्ध झाला एवढे सांगून, त्यासाठी आवश्यक तेवढ्याच पुराव्याचा उल्लेख केला असता, तर संसदेने लावलेले दार बंद राहिले असते. त्यांनी ते सताड उघडले. पत्नीच्या कामेच्छांचे स्वरूप काय आणि ते विकृत आहे काय, यावरचे त्यांचे मतप्रदर्शन निकालासाठी अनावश्यक होते. घटस्फोटाचा हुकूम त्यावाचून अडला नसता.

मार्गारेट साधी, निरपराध, छळलेली स्त्री होती असे चित्र रंगवण्याचा माझा उद्देश नाही. ड्यूकच्या आधीच्या पत्नीच्या मुलांच्या औरसपणाविषयी संशय पसरवण्याचा तिने केलेला प्रयत्न क्रूर होता, आणि ड्यूकविरुद्ध केलेला तिचा प्रतिआरोपही तिला मागे घ्यावा लागला. तिच्यात अहंकार होता, उधळपट्टी होती, हाताखालच्या माणसांशी वागण्यात तोरा होता. पण खासगीपणाचा हक्क चारित्र्याच्या दाखल्यावर मिळत असेल तर तो हक्क नव्हे, ते बक्षीस झाले. सज्जन माणसाच्या डायरीला फारसा धोका नसतोच. कायद्याची परीक्षा होते ती लोकांना न आवडणाऱ्या माणसाच्या डायरीपाशी.

ती परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. घटस्फोट मिळाल्यावर ड्यूकने एका रविवारच्या वृत्तपत्राला पत्नीविषयी लेखमाला दिली. पैसे घेऊन तो आपल्या संसारातली गुपिते विकू पाहत होता. मार्गारेटने लंडनच्या न्यायालयात मनाईहुकूम मागितला. ड्यूकच्या बाजूचा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटेल असाच होता: जिने स्वतः व्यभिचार करून लग्नाचा विश्वास मोडला, तिला त्याच विश्वासाच्या नावाने संरक्षण मागण्याचा अधिकार काय? न्यायमूर्ती अंगोएड-थॉमस यांनी १९६४ साली तो युक्तिवाद नाकारला. पतिपत्नींनी एकमेकांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी न्यायालयाने जपाव्यात अशाच असतात. पत्नीच्या व्यभिचाराने पुढचा विश्वास संपला असेल, पण त्यामुळे आधीच्या, चांगल्या दिवसांतल्या गुजगोष्टी जाहीर करण्याचा परवाना पतीला मिळत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. त्यासाठी त्यांनी १८४९ सालच्या एका निकालाचा आधार घेतला. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी घरगुती हौसेपोटी केलेल्या कोरीव चित्रांच्या प्रती छापखान्यातून बाहेर फुटल्या होत्या आणि त्यांच्या नुसत्या सूचीच्या प्रकाशनालाही तेव्हा न्यायालयाने मनाई केली होती. जे संरक्षण राणीच्या चित्रवहीला मिळाले तेच वर्षभरापूर्वी जाहीरपणे स्वैराचारी ठरवलेल्या स्त्रीच्या संसाराला मिळाले. विश्वासभंगाविषयीच्या पुढच्या कितीतरी इंग्रजी निकालांत हा निर्णय आधार म्हणून वापरला गेला. डचेसचे चरित्र लिहायचे तर ते या निकालापासून सुरू करता येईल. तसे झालेले मात्र दिसत नाही.

राजघराण्यात दिलेल्या स्त्रीचे अंतःपुर चव्हाट्यावर मांडले जाणे म्हणजे काय, हे नागपूरला परके नाही. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीजवळ लिलावात काढले गेले आणि घराण्याचे जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. महालातल्या वाड्यातील सामान हलवले तर वाडाच पेटवून देईन, असे भोसले घराण्यातील वयोवृद्ध राणी बाकाबाईंनी बजावल्याचे एका इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. सामान तरीही हलवले गेले. दोन घटनांमध्ये फार अंतर आहे, हे मला मान्य आहे. एकीकडे साम्राज्याची लूट आहे, दुसरीकडे नवराबायकोचे भांडण. पण बाकाबाईंचा संताप केवळ किमतीचा नव्हता. ज्या दालनांत परक्याची नजर पोहोचत नसे तिथल्या वस्तू बाजारात बोली लावण्यासाठी मांडल्या गेल्या, याचे दुःख त्यात होते, आणि या शहराच्या जुन्या घरांतून त्या लिलावाची गोष्ट आजही त्याच दुःखाने सांगितली जाते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२२ असे होते की लग्नाच्या काळात पतिपत्नींत झालेले बोलणे उघड करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून ते उघड करूही देता येणार नाही. त्याला अपवाद दोन: पतिपत्नींमधलाच खटला, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १२८ म्हणून आली आहे. २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या अपवादावर बोट ठेवले, कलमाचा हेतू विवाहसंस्थेचे रक्षण हा आहे, व्यक्तीच्या खासगीपणाचे नव्हे, असे म्हटले, आणि न्याय्य सुनावणीचा हक्क महत्त्वाचा मानला. जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ आली म्हणजे ते लग्न आधीच मोडलेले आहे, पाळत हा त्या मोडण्याचा परिणाम आहे, असेही न्यायालयाचे निरीक्षण आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ तर याहून सैल आहे. एरवी ग्राह्य ठरणार नाही असाही मजकूर वाद सोडवण्यास उपयुक्त वाटला तर त्याखाली न्यायाधीश पाहू शकतात.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्यायचा तर सिव्हिल लाइन्सच्या आवारात वकिली करणाऱ्या कोणाही परिचिताला विचारावे. अर्जासोबत आता व्हॉट्सॲपच्या संदेशांच्या छापील प्रती जोडल्या जातात, कॉल रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडले जाते, आणि प्रत्येकावर निशाणी क्रमांक पडतो. एवढे होईपर्यंत तो मजकूर किती हातांतून जातो पाहा. मोबाइलच्या दुकानात प्रती निघतात, टंकलेखक संभाषण उतरवून घेतो, दोन्हीकडच्या वकिलांचे कनिष्ठ सहकारी ते वाचतात, गैरअर्जदाराला प्रत जाते, तिच्या माहेरची चार माणसे ती पाहतात, लिपिक ती नस्तीला लावतो. सुनावणी बंद दाराआड होते हे खरे, आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ तसे बंधनही घालते. पण दार बंद होण्याआधीच निम्मे शहर आत येऊन गेलेले असते. धंतोली काय, महाल काय, इतवारी काय, या शहरात कोणाची सून कोणाच्या भाचीच्या शेजारी राहते हे शोधायला वेळ लागत नाही. लंडनच्या वर्तमानपत्रांनी जे काम १९६३ साली केले ते इथे एका छायाप्रतीने होते.

आणि ते काम दोघांवर सारखे होत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, त्यामुळे व्यभिचार गुन्हा राहिला नाही. घटस्फोटाचे कारण तो अजूनही आहे. पण आपल्या न्यायालयांत पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा शोधला जातो तो पुष्कळदा घटस्फोटासाठी नव्हे, पोटगीसाठी. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, पत्नी व्यभिचारात राहत असल्यास तिला निर्वाहभत्ता मिळणार नाही अशी तरतूद आहे. पतीच्या व्यभिचाराने त्याच्या मिळकतीला धक्का लागत नाही. पत्नीच्या व्यभिचाराने तिचे महिन्याचे जेवण थांबू शकते. या एका विषमतेमुळे पत्नीचा फोन तपासण्याला जो बाजारभाव आला आहे, तो पतीच्या फोनला नाही. मार्गारेटच्या खटल्यातही हेच होते. तीनदा लग्न केलेल्या ड्यूकचे खासगी आयुष्य कोणी पानेच्या पाने लिहून काढले नाही.

मला देण्यात येणारे सर्वांत वजनदार उत्तर असे की खासगीपणाच्या नावाखाली घरातली हिंसा लपते. हे उत्तर खरे आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आपल्या समाजाने मारहाण सोसणाऱ्या कितीतरी मुलींना माहेरच्या उंबऱ्यावरून परत पाठवले आहे. मद्यपी नवऱ्याच्या शिव्या आणि धमक्या मोबाइलवर टिपून ठेवणे हा आज अनेक स्त्रियांना उपलब्ध असलेला एकमेव पुरावा आहे. साक्षीदार घरात असतो तो सासू, आणि ती सुनेच्या बाजूने बोलत नाही. म्हणूनच असा पुरावा मुळात अग्राह्य ठरवावा अशी मागणी मी करत नाही. परंतु धमकीचे ध्वनिमुद्रण आणि शयनगृहातील छायाचित्र यांत फरक करता येतो आणि न्यायालयांनी तो केला पाहिजे. पहिल्यात एक माणूस दुसऱ्याविरुद्ध काही करतो आहे आणि जिच्याविरुद्ध ते घडते तीच ते टिपते आहे. दुसऱ्यात एका माणसाने स्वतःविषयी, स्वतःपुरते काही जपले आहे आणि ते कपाट फोडून आणलेले आहे. पहिले लपवल्याने अन्याय टिकतो. दुसरे उघड केल्याने वादाचा निकाल क्वचितच सोपा होतो, कारण व्यभिचार सिद्ध करायला इतर साधा पुरावा बहुधा असतोच: हॉटेलची नोंदवही असते, प्रवासाची तिकिटे असतात, शेजाऱ्यांची साक्ष असते. छायाचित्र दाखल करण्यामागे सिद्धतेपेक्षा दहशत अधिक असते. तडजोडीच्या टेबलावर बसल्यावर, हे बाहेर यावे असे वाटत नसेल तर पोटगीचा आकडा खाली आण, असे सांगण्यासाठी ते जवळ ठेवलेले असते.

याच तारतम्याचा एक नमुना आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दाखवला आहे. पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी करू द्यावी, अशी पतीची मागणी होती. २०२३ साली न्यायालयाने ती नाकारली. आईबापांच्या भांडणात मुलाच्या शरीराचा पुरावा म्हणून वापर सहजासहजी करता येणार नाही, व्यभिचार इतर मार्गांनी सिद्ध करता येत असेल तर ते मार्ग चोखाळावेत, असा त्या निर्णयाचा रोख आहे. पुरावा उपयुक्त आहे एवढ्यावर न थांबता तो मिळवण्याची आणि मांडण्याची किंमत कोण मोजतो हे न्यायालयाने तिथे विचारले. हाच प्रश्न डायरीबाबत आणि फोनबाबत विचारायला काय हरकत आहे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने दिला. त्या पीठात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले होते. याच शहराच्या खंडपीठापुढे वकिली करून पुढे सरन्यायाधीशपदी गेलेल्या न्यायमूर्तींनी ज्या हक्काच्या उभारणीत भाग घेतला, तो हक्क या शहराच्या कौटुंबिक न्यायालयाच्या नस्तीत कितपत उतरतो हे विचारण्याचा अधिकार नागपूरकरांना आहे. व्यक्तीला घराच्या आत, अगदी जोडीदारासमोरही, स्वतःचा एक कोपरा असतो हे २०१७ च्या निर्णयाचे सूत्र मानले, तर वैवाहिक संभाषणाचे संरक्षण केवळ विवाहसंस्थेसाठी आहे, व्यक्तीसाठी नाही, हे २०२५ चे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते. हा ताण मिटवायला मोठे पीठ लागेल किंवा संसद लागेल. तोवर हातात आहे ते कार्यपद्धतीचे काम.

त्यातले पहिले काम निकालपत्राच्या भाषेचे आहे. स्त्रियांविषयीच्या साचेबंद कल्पना न्यायालयीन भाषेत येऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एक मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि कोणते शब्द टाळावेत हेही सांगितले. चांगली गोष्ट झाली. पण शब्द बदलूनही तपशील तितकाच राहिला तर काही साधत नाही. १९२६ च्या ब्रिटिश कायद्याची फट आपल्या कायद्यातही आहे, आणि ती लक्षात आल्यावर मी चकित झालो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ अशा खटल्यांविषयी काहीही छापण्यास मनाई करते, अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांचा, तोही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने. मोडल्यास दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. ज्या काळी निकाल जाड कायदेपत्रिकांत छापले जात आणि वकिलांच्या कपाटांत पडून राहत, त्या काळी हा अपवाद निरुपद्रवी होता. आज निकाल त्याच दिवशी संकेतस्थळावर चढतो, कोणीही पक्षकाराचे नाव टाकून शोधू शकतो, आणि लग्नासाठी स्थळ पाहणारी मंडळी, नोकरीला ठेवणारे मालक, मुलांच्या वर्गातले पालक तो वाचतात. मार्गारेटवरचा निकाल शोधायला निदान जुन्या वृत्तपत्रांचे संग्रह चाळावे लागत.

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम २१ ने कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिलेला आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्या अधिकारात असा नियम करावा की शरीरसंबंधाचे चित्रण, खासगी डायरी किंवा गुप्तपणे टिपलेले संभाषण दाखल करायचे असेल तर ते बंद लिफाफ्यात थेट न्यायाधीशांपुढे जावे आणि दुसऱ्या पुराव्याने तो मुद्दा सिद्ध होतो काय हे त्यांनी आधी पाहावे. होत असेल तर लिफाफा न उघडता परत द्यावा. उघडावा लागलाच तर आवश्यक तेवढ्या भागाचीच नोंद व्हावी, प्रत फक्त पक्षकार आणि त्याच्या मुख्य वकिलाला न्यायालयातच पाहायला मिळावी, आणि बाहेर नेण्यास मनाई असावी. धमकी किंवा मारहाणीचे ध्वनिमुद्रण या अटींतून वगळावे, म्हणजे पीडित स्त्रीला तारखांमागून तारखा मागत बसावे लागणार नाही. वैवाहिक वादातील प्रत्येक निकाल संकेतस्थळावर चढवण्याआधी पक्षकारांची आणि मुलांची नावे काढून आद्याक्षरे घालावीत. अपिलाची मुदत संपल्यावर मूळ चित्रण ज्याचे त्याला परत जावे, आणि जिचे ते आहे तिच्या संमतीवाचून एकही प्रत कोणाकडे राहू नये. ठेवली तर तो विश्वासभंग मानून नुकसानभरपाईचा दावा लावता यावा, १९६४ साली डचेसने लावला तसा. नागपूरच्या वकील संघटनेने असा मसुदा तयार करून खंडपीठामार्फत मुंबईला पाठवावा. लागणारे जाणकार वकील, निवृत्त न्यायाधीश आणि समुपदेशक या शहरात आहेत, आणि मसुद्याचा पहिला खर्डा करायला काही आठवड्यांहून अधिक काळ लागण्याचे कारण नाही.